व्होलेंडमची टोपी कुणी घालावी?

युरोपची सहल करून आलेल्या अनेक मराठी घरांच्या दिवाणखान्यात एक ठरावीक फोटो असतो. डोक्यावर टोकदार पांढरी टोपी, तिच्या दोन्ही कडा कानांपाशी पंखांसारख्या वर वळलेल्या; गळ्यात लाल मण्यांची माळ, कमरेला एप्रन, पायांत लाकडी बूट, हातात ट्युलिपची फुले, आणि या सगळ्यातून आपल्याकडे पाहून हसणाऱ्या आपल्या ओळखीच्या काकू. शेजारी फुग्याच्या विजारीत उभे असलेले काका. अॅमस्टरडॅमच्या उत्तरेला सुमारे वीस किलोमीटरवर असलेल्या व्होलेंडम या गावातल्या बांधावरच्या स्टुडिओंत हा फोटो निघतो. नेदरलँड्समध्ये स्थायिक झालेल्या मराठी मंडळींच्या एका स्नेहमेळाव्यात याच फोटोवरून झालेला वाद मी ऐकला, आणि तो ज्या पद्धतीने झाला ती पद्धत मला अस्वस्थ करून गेली. एका तरुण मुलीचे म्हणणे होते, की दुसऱ्याचा परंपरागत वेश ही आपल्या करमणुकीची वस्तू नव्हे, हे सांस्कृतिक बळकावणे आहे. एका ज्येष्ठ गृहस्थांचे उत्तर असे, की पैसे मोजले, फोटो काढला, यात संस्कृतीचा संबंध कुठे येतो? तिसऱ्याने दोघांनाही गप्प करण्यासाठी सांगितले, की तो पोशाख आता तिथे कुणी घालतच नाही, म्हणजे तो खोटाच आहे आणि खोट्या वस्तूवरून भांडण्यात अर्थ नाही. तिघांच्याही बोलण्यात व्होलेंडम नव्हते. जणू त्या गावाला इतिहास नाही, मत नाही, आणि नकार देण्याची ताकदही नाही.

माझे मत सुरुवातीलाच मांडतो. व्होलेंडममध्ये तो वेश चढवून फोटो काढून घेण्यात अनादर नाही, कारण तो वेश पाहुण्यापुढे धरण्याचा निर्णय त्या गावाने स्वतः, पिढ्यान्‌पिढ्या, आपल्या हिताचा विचार करून घेतलेला आहे. पण म्हणून तो वेश निरर्थक ठरत नाही. त्याला निव्वळ गंमत समजणारे गृहस्थ आणि त्याला चोरी समजणारी मुलगी या दोघांच्या मुळाशी एकच समजूत आहे: या व्यवहारात फक्त पर्यटकच काही ठरवतो. ही समजूतच चुकीची आहे.

व्होलेंडम हे मासेमारांचे, कॅथलिक श्रद्धेचे गाव. त्याच्या समोर होता झायडर झी, म्हणजे उत्तर समुद्राचा आत घुसलेला उथळ, खाऱ्या पाण्याचा, वादळी भाग. हेरिंग, अँकोव्ही आणि ईल या माशांवर गाव जगत होते. १८८१ मध्ये लेंडर्ट स्पांडर या गृहस्थाने तिथे हॉटेल सुरू केले आणि चित्रकारांना आवर्जून बोलावले. चित्रकार आले, राहिले, गावकऱ्यांना समोर बसवून त्यांनी चित्रे काढली; त्या हॉटेलच्या भिंती आजही त्या चित्रांनी भरलेल्या आहेत. गावातल्या बायका ज्या टोपीला ‘हुल’ म्हणतात ती लेसची टोपी अशा रीतीने युरोपभर पोहोचली. म्हणजे हा वेश रोजच्या वापरात असतानाच पाहण्याची गोष्टही झाला होता. ‘आधी खरा होता, मग पर्यटक आले आणि खोटा झाला’ अशी जी सरळ गोष्ट आपण मनाशी रचतो ती इथे लागू पडत नाही. निदान पन्नास वर्षे तरी तो दोन्ही होता. सकाळी मासे निवडणारी बाई दुपारी त्याच कपड्यांत चित्रकारासमोर बसत होती, आणि त्या बसण्याचे पैसे घरी नेत होती.

मग समुद्रच गेला. जानेवारी १९१६ च्या पुरात झायडर झीच्या काठची गावे बुडाली, माणसे दगावली; पहिल्या महायुद्धातील अन्नटंचाईने शेतजमिनीची गरज आणखी ठळक केली; आणि अभियंता व मंत्री कॉर्नेलिस लेली यांची समुद्र बांधून काढण्याची योजना १९१८ मध्ये कायदा बनली. २८ मे १९३२ रोजी बत्तीस किलोमीटर लांबीच्या आफ्सलाउटडाइक या बांधातील शेवटची फट बुजवली गेली. खारे पाणी हळूहळू गोडे झाले. हेरिंग आणि अँकोव्ही संपले, ईल तेवढा उरला. मासेमारांना मदत करण्यासाठी सरकारने १९२५ मध्येच कायदा केला होता, पण कायद्याने पैसा मिळतो, समुद्र परत मिळत नाही. बंदर होते, होड्या होत्या, जाळी होती, आणि ज्यासाठी हे सारे होते तेच नव्हते. अशा गावाने पुढे काय करायला हवे होते? ज्या कपड्यांना पाहायला लोक आधीपासून येत होते, ते कपडे पाहुण्यांच्या अंगावर चढवून चार पैसे मिळवायचे की नाहीत? गावाने ते केले. बंदरालगतच्या बांधावर फोटोचे स्टुडिओ उभे राहिले. या घटनेला ‘संस्कृती विकली’ असे म्हणणे ज्यांना सोपे वाटते, त्यांनी आधी हे सांगावे, की समुद्र काढून घेतला गेल्यावर त्या माणसांनी कोणती वस्तू विकायची होती.

शेजारच्या मार्केनचे उदाहरणही इथे बोलते. १९५७ मध्ये बांधाने मुख्य भूमीला जोडले जाईपर्यंत ते बेट होते. लोक प्रोटेस्टंट, वेश व्होलेंडमहून अगदी निराळा. तिथल्या सायत्ये बूस या बाईंनी बोटीतून उतरणाऱ्या परक्या लोकांना स्वतःच्या वेशात सामोरे जाऊन आपल्या घरात नेले, घर दाखवले, आठवणवस्तू विकल्या, आणि त्यातून आपला धंदा आणि नाव दोन्ही उभे केले. त्या बाईला ‘पर्यटकांची शिकार’ म्हणणे म्हणजे तिच्या शहाणपणाचा अपमान आहे.

आता विरुद्ध बाजूचे म्हणणे त्याच्या पूर्ण ताकदीनिशी घ्यायला हवे, कारण ते ताकदवान आहे. स्टुडिओतला पोशाख मूळ पोशाख नसतो. तो पाठीकडून उघडा असतो. आपल्या सहलीच्या कपड्यांवरूनच तो पुढून अडकवतात आणि मागे नाड्या बांधतात, म्हणजे पाचव्या मिनिटाला माणूस कॅमेऱ्यासमोर उभा राहतो. खऱ्या वेशात थरांवर थर होते, टाचण्या होत्या, इस्त्री-खळीचे तासन्‌तासांचे काम होते. त्याहून महत्त्वाचे, खरा वेश बोलत असे. झीलँड प्रांतातल्या झाउड-बेव्हलँड भागात कॅथलिक आणि प्रोटेस्टंट बायकांच्या टोप्यांचा आकारच वेगळा होता. रस्त्यावरून येणाऱ्या बाईचा पंथ दुरून कळे. अनेक गावांत सुतकाच्या पायऱ्या कपड्यांत उतरत. जवळचे माणूस गेले की काळा, मग काही काळाने निळा किंवा जांभळा, आणि मग हळूहळू पुन्हा रंग. स्टुडिओतल्या खुंटीवर यातले काही नसते. तिथे सदैव सण असतो. व्होलेंडमची ती पंखांची हुल मुळात सणावाराची, रविवारी चर्चला जातानाची टोपी. फोटोतल्या प्रत्येकाच्या वाट्याला तिथला रविवार येतो, सोमवार कुणालाच भेटत नाही. हे नुकसान खरे आहे आणि मी ते नाकारणार नाही.

परंतु या नुकसानाला फोटो जबाबदार आहे का? नेदरलँड्सच्या गावोगावचे वेश ओसरले ते शिक्षण, शहरातली नोकरी, तयार कपडे, दुसऱ्या महायुद्धातली कापडटंचाई आणि नव्या मुलींची स्वतःची इच्छा यांमुळे. जिथे फोटोचा धंदा फारसा नव्हता तिथलेही वेश गेले. उलट व्होलेंडमची टोपी आजही कुणीतरी शिवते, कुणीतरी खळ घालून ताठ करते, कुणीतरी ती डोक्यावर सरळ कशी बसवायची हे जाणते, ते या गिऱ्हाइकामुळेच. मी स्वतः तो फोटो काढून घेतला तेव्हा माझ्या पत्नीच्या डोक्यावरची टोपी स्टुडिओतल्या बाईने दोनदा काढून पुन्हा बसवली. कपाळावर ती किती खाली यायला हवी याचा तिचा आग्रह होता. फोटोत तो फरक कुणालाही दिसला नसता. तिची आजी ती टोपी घालत असे, एवढेच ती म्हणाली, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळली. तो आग्रह खोट्या वस्तूविषयी असू शकत नाही.

‘आता कुणी घालत नाही, म्हणून खोटे’ हा युक्तिवाद आपण घरी आपल्याला लावून पाहावा. आज गुढीपाडव्याच्या शोभायात्रेत दिसणाऱ्या कितीतरी नऊवारी शिवलेल्या असतात. कासोटा शिंप्याने घातलेला असतो आणि पाच मिनिटांत ती पायजम्यासारखी चढवता येते. ज्यांच्या पणज्या नऊवारी नेसून विहिरीचे पाणी शेंदत, त्या मुली वर्षातून एकदा ती घालून फोटो काढतात. त्या खोट्या आहेत का? माझ्या मते नाहीत. वेश रोजच्या कामातून निघून आठवणीच्या कामाला लागला, एवढेच झाले. व्होलेंडमच्या लोकांना त्यांच्या वेशाबाबत हीच मुभा आपण का देऊ नये?

दुसरा आक्षेप मला अधिक जड वाटतो. एका गावाची टोपी संपूर्ण देशाच्या डोक्यावर ठेवली गेली. नेदरलँड्सला एकच राष्ट्रीय पोशाख कधीच नव्हता. स्पाकेनबुर्खच्या बायकांचे खांद्यांवरचे ताठ खळीचे फुलाफुलांचे कापड, स्टापहोर्स्टचे ठिपक्यांचे काम, झीलँडमधले सोन्याचे दागिने, उर्क, हिंडेलोपेन, स्खेव्हेनिंगेन, प्रत्येकाची रीत निराळी. १८९८ मध्ये राणी विल्हेल्मिनाच्या राज्यारोहणाच्या वर्षी अॅमस्टरडॅमच्या स्टेडेलिक संग्रहालयात देशभरातले वेश एकत्र मांडले गेले, तेव्हा त्या विविधतेचाच अभिमान होता. पण जाहिरातीला एकच चेहरा लागतो. १९६१ पासून जर्मनीत डच चीज विकणारी ‘फ्राउ आन्टये’ ही जाहिरातीतली पात्र-बाई याच पंखांच्या टोपीत उभी राहिली, आणि बाहेरच्या जगाने ठरवून टाकले, की हॉलंड म्हणजे ही टोपी. एका कॅथलिक गावाची टोपी बहुसंख्य प्रोटेस्टंट इतिहास असलेल्या देशाची खूण व्हावी, हे त्या देशातल्या अनेकांना खटकत असेल तर ते समजण्यासारखे आहे. मात्र हा दोष पर्यटकाच्या अज्ञानाचा आणि त्या अज्ञानावर चालणाऱ्या बाजारपेठेचा आहे. तो दूर करायचा तर ‘डच पोशाखातला फोटो’ असे म्हणणे सोडून ‘व्होलेंडमच्या पोशाखातला फोटो’ असे म्हणायला सुरुवात करावी लागेल. लुगड्याला कुणी ‘भारतीय राष्ट्रीय पोशाख’ म्हटले तर आपण सौम्यपणे दुरुस्ती करतो. तेवढीच काळजी इथे पुरे आहे.

आता त्या तरुण मुलीच्या आक्षेपाकडे येतो, कारण तिचा राग मला सर्वांत प्रामाणिक वाटला. दुसऱ्याचा वेश घालण्यात अन्याय होऊ शकतो, यात शंका नाही. स्कॉटलंडमधले बंड कलोडनच्या लढाईत मोडल्यावर १७४६ च्या कायद्याने स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातल्या लोकांना त्यांचा स्वतःचा वेश घालण्यास बंदी झाली. पहिल्या गुन्ह्याला सहा महिने तुरुंग, दुसऱ्याला सात वर्षांची हद्दपारी. १७८२ मध्ये बंदी उठली, आणि १८२२ मध्ये राजा चौथा जॉर्ज एडिंबराला गेला तेव्हा तोच वेश स्वतः घालून मिरवला. ज्याच्या घराण्याने तो वेश गुन्हा ठरवला, त्यानेच तो सजावट म्हणून अंगावर घेतला. हे बळकावणे होते. आजच्या काळात उत्तर फिनलंडमधल्या सामी या आदिवासी लोकांनी आपल्या वेशाच्या नकला पर्यटकांसमोर बिगर-सामींनी घालण्याविरुद्ध स्पष्ट आवाज उठवला, आणि तिथल्या सामी संसदेने २०१८ मध्ये जबाबदार पर्यटनाची तत्त्वे मंजूर केली. तिथे ज्यांचा वेश आहे तेच ‘नको’ म्हणत आहेत. त्यानंतर घालणाऱ्याचा हेतू कितीही निर्मळ असला तरी तो अपुरा आहे.

पण याच निकषाने उलट बाजूही तपासावी लागते. २०१५ मध्ये बॉस्टनच्या ललित कला संग्रहालयाने फ्रेंच चित्रकार क्लोद मोने यांच्या लाल किमोनोतल्या स्त्रीच्या चित्रासमोर तसाच किमोनो घालून फोटो काढण्याची सोय केली. निदर्शने झाली, संग्रहालयाने किमोनो घालू देणे थांबवले. त्या निदर्शकांची आशियाई-अमेरिकी म्हणून असलेली वेदना खरी होती. तरीही तो किमोनो जपानमध्ये बनवलेला होता आणि जपानच्या शहरांत प्रेक्षकांनी तो आधीच हौसेने घातला होता. क्योटोत तर परदेशी पाहुण्यांना किमोनो भाड्याने देणारी दुकाने गल्लोगल्ली आहेत. तेव्हा प्रश्न ‘कुणाचा वेश, कुणाचे अंग’ एवढाच नसतो. घालायला देणारा कोण आहे, तो नाही म्हणू शकतो का, आणि पैसा कुणाच्या घरी जातो, हे विचारल्याशिवाय निवाडा होत नाही. व्होलेंडममध्ये देणारे गावकरी आहेत. ते नाही म्हणू शकतात; स्टापहोर्स्टच्या धर्मनिष्ठ लोकांनी परक्यांच्या कॅमेऱ्याला दीर्घकाळ विरोध केला, आणि त्यांच्या गावात असले स्टुडिओ उभे राहिले नाहीत. एकाच देशात दोन गावांनी दोन उत्तरे दिली. दोन्ही उत्तरांचा मान राखणे, म्हणजे एकीकडे बोलावल्यावर जाणे आणि दुसरीकडे कॅमेरा खाली ठेवणे, हे एकाच आदराचे रूप आहे.

आणखी एक गोष्ट या वादात कुणीच काढली नाही, आणि ती आपल्यालाच थेट भिडणारी आहे. परका वेश चढवून चित्र काढून घेण्याची हौस डचांना आपल्या कितीतरी आधी लागली होती. सतराव्या शतकात जपानच्या शोगुनकडून, म्हणजे तिथल्या लष्करी सत्ताधीशाकडून, डच व्यापाऱ्यांना रेशमी झगे भेट मिळत. ते इतके लोकप्रिय झाले, की त्यांच्या नकला भारतीय कापडातून शिवल्या जाऊ लागल्या आणि विद्वान, श्रीमंत गृहस्थ तसला झगा घालून चित्रकारासमोर बसू लागले. पुढे बटाव्हियात, आजच्या जकार्तात, डच स्त्रिया घरी सारोंग आणि केबाया हा तिथला वेश घालत, आणि तिथे मात्र सत्ता त्यांच्याच हातात होती. हिंडेलोपेनच्या बायकांचा ‘वेन्ट्के’ हा लांब अंगरखा ज्या छापील सुती कापडाचा असे ते कापड भारतातून, मुख्यतः कोरोमंडल किनाऱ्यावरून, डच ईस्ट इंडिया कंपनीच्या जहाजांनी नेलेले होते. सुतकात निळ्या-पांढऱ्या छापाचे निवडत. डच भाषेत त्याला ‘सिट्स’ म्हणतात. आपण ‘चीट’ म्हणतो, आणि हे दोन्ही एकाच शब्दाचे वंशज आहेत. याच कंपनीची वखार १६३७ पासून आपल्या वेंगुर्ल्यात होती. पोर्तुगीजांच्या गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना रसद तिथून मिळे, आणि तिचे भग्न अवशेष आजही उभे आहेत. म्हणजे ज्याला आपण ‘अस्सल डच’ समजून हात लावायला बिचकतो, त्या देशाच्या परंपरागत वेशांत आपल्या किनाऱ्यांवरच्या रंगाऱ्यांचे हात आहेत. शुद्ध, एकाच्याच मालकीचा वेश शोधायला निघालेला माणूस हिंडेलोपेनपर्यंत पोहोचायच्या आधीच कोरोमंडल किनाऱ्यावरच्या मच्छलीपट्टणला अडकतो.

ज्येष्ठ गृहस्थांना द्यायचे उत्तर मात्र राहिले आहे. ‘पैसे मोजले, विषय संपला’ हे मला मान्य नाही. पैसे मोजून आपण फोटो घेतो, त्या गावाकडे पाठ फिरवण्याचा परवाना घेत नाही. आपल्याकडे शाळेच्या प्रत्येक स्नेहसंमेलनात कोळीनृत्य होते. मुलांना टोपली, रंगीत लुगडे आणि रुमाल भाड्याने आणून देतात, पालक कौतुकाने फोटो काढतात, आणि घरी जाताना भरावामुळे कोळीवाड्यापासून समुद्र किती दूर सरकला हे कुणाच्या मनातही येत नाही. त्या नाचात गैर काही नाही. गैर आहे ते कोळ्याचा वेश ओळखीचा आणि कोळ्याचा प्रश्न अनोळखी असणे. व्होलेंडमच्या मासेमारांचा समुद्रही बांधाने गेला, आणि त्यांचाही वेश जगाच्या ओळखीचा राहिला. आपण, मुंबईच्या किनाऱ्यावरचे लोक, हे साम्य इतरांपेक्षा लवकर ओळखायला हवे होते.

म्हणून माझी मागणी सहल आखणाऱ्यांकडे आहे. व्होलेंडमचा थांबा बहुधा तासाभराचा असतो: फोटो, चीज, पुन्हा बस. त्या तासातली पंधरा मिनिटे गावातल्या व्होलेंडम संग्रहालयासाठी काढता येतील. ज्यांच्या हाती अर्धा दिवस आहे त्यांना एंकहाउझेनच्या झायडर झी संग्रहालयात नेता येईल. बुडालेल्या त्या समुद्रजीवनाची घरे, होड्या आणि मासे धुरवण्याच्या भट्ट्या तिथे मोकळ्या आवारात जपल्या आहेत. बसमध्ये मार्गदर्शकाने ‘आता आपण डच ड्रेस घालणार आहोत’ असे न सांगता १९३२ च्या बांधाची गोष्ट पाच मिनिटांत मराठीत सांगावी. बसच्या खिडकीतून तेच पाणी दिसत असते. मग स्टुडिओत गेल्यावर मागच्या नाड्या बांधणाऱ्या बाईला एवढे विचारावे, की तुमच्या घरात ही टोपी शेवटची रोज कोण घालत होते. ती सांगेल किंवा सांगणार नाही. सांगायला ती बांधील नाही, पण विचारले गेल्याचे तिच्या लक्षात राहील, आणि फोटोतली टोपी कपाळावर नेमकी किती खाली आहे याकडे आपलेही लक्ष जाईल.